कंपवातातील रात्र आणि ‘ड’ जीवनसत्त्व

धागाकर्ती: नीलमोहोर

कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे, जिथे एकत्र येतात, तिथे अलीकडे एक सल्ला हटकून ऐकू येतो: रात्री झोप लागत नसेल तर ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या, कमी असेल तर साठ हजार युनिटची पुडी सुरू करा, झोप आपोआप मार्गी लागेल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि त्यातला तपासणीचा भाग योग्यही आहे. पण या एका सल्ल्यावर विसंबल्यामुळे झोपमोडीचे खरे कारण, जे पुष्कळदा उपाय करता येण्याजोगे असते, महिनोन्महिने शोधलेच जात नाही, असे मी ओळखीच्या काही कुटुंबांत पाहिले आहे. माझ्या सासऱ्यांना हा आजार आहे आणि त्यांच्या निमित्ताने मी या विषयावरचे बरेच वाचन केले. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेले आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलताना उपयोगी पडावे, एवढाच उद्देश आहे.

कंपवातात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असण्याचे प्रमाण अधिक असते, हे निरीक्षण खरे आहे. अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठातून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपवाताच्या ५५ टक्के रुग्णांमध्ये हे प्रमाण अपुरे आढळले, तर अल्झायमरच्या रुग्णांत ते ४१ टक्के आणि निरोगी वृद्धांत ३६ टक्के होते. त्यानंतर २०१० साली फिनलंडमधील एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातील पातळी आरंभी मोजून पुढे २९ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले होते, आणि ज्यांची पातळी सर्वांत वरच्या गटात होती त्यांना कंपवात होण्याचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश दिसला. मेंदूतील ज्या कृष्णद्रव्यात डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरतात, तिथे या जीवनसत्त्वाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते पकडून घेणारे पेशींतील रेणू) भरपूर असतात, हेही आधीच माहीत होते; त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविक होते. मात्र त्या २९ वर्षांत कंपवात झालेल्या व्यक्ती अवघ्या ५० होत्या, आणि नंतर आनुवंशिक माहितीच्या आधारे झालेल्या अभ्यासांना कमतरता हे आजाराचे कारण असल्याचा पुरावा मिळाला नाही.

उलट्या दिशेचे स्पष्टीकरण मला अधिक पटते. चाल मंदावते, पडण्याची भीती बसते, लोकांसमोर हात थरथरतो म्हणून माणूस बाहेर पडणे टाळतो, वास येईनासा झाल्याने जेवणाची गोडी जाते. या सगळ्याचा परिणाम म्हणून ऊन आणि आहार दोन्ही कमी होतात. आजार जितका पुढे गेलेला, तितके हे सारे अधिक, आणि झोपेच्या तक्रारीही तितक्याच अधिक. तेव्हा एकाच माणसात ‘ड’ कमी आणि झोप बिघडलेली दिसली, तरी पहिल्यामुळे दुसरे घडले असे म्हणता येत नाही. दोहोंच्या मागे वाढलेला आजार असू शकतो.

औषध म्हणून ‘ड’ देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. जपानमध्ये ११४ रुग्णांवर एक वर्ष चाललेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १२०० युनिट घेणाऱ्यांचा आजार कमी वेगाने पुढे सरकला, पण हा लाभ मुख्यतः विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत दिसला. चाचणी लहान होती आणि तिचा रोख हालचालींवर होता. त्या चाचणीच्या आधारावर झोपेविषयीचे आश्वासन कोणी देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता रात्रीकडे वळू. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, तेव्हाच झोप फार बिघडते आणि कंपामुळे रुग्ण जागा होतो, हे नोंदवले होते. ‘झोप लागत नाही’ या तीन शब्दांत कंपवातातली निदान सहा-सात वेगवेगळी दुखणी दडलेली असतात. रात्रीच्या जेवणानंतर घेतलेल्या लेवोडोपाचा, म्हणजे कंपवातावरील मुख्य औषधाचा, असर मध्यरात्री ओसरतो, अंग लाकडासारखे होते आणि कूस बदलता येत नाही. पहाटे पायाची बोटे आत वळून पोटरीत कळ येते. लघवीसाठी वारंवार उठावे लागते. पाय स्वस्थ राहत नाहीत. स्वप्नात ओरडणे आणि हातपाय झाडणे चालते. घोरताना श्वास अडतो. आणि मनातली काळजी किंवा नैराश्य पहाटे तीनला डोळे उघडते. शिवाय कंपवाताची काही औषधेच झोप उडवतात. सेलेजिलिन शरीरात गेल्यावर अॅम्फेटामिनच्या (झोप उडवणाऱ्या उत्तेजकाच्या) जातीचे घटक तयार करते, म्हणून ते सकाळी घ्यायचे असते. अमँटाडिनही संध्याकाळनंतर घेतल्यास झोप लांबते. प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल यांनी उलट दिवसा एकाएकी डोळा लागू शकतो, आणि दिवसा झोपलेला माणूस रात्री जागा राहतो.

यांपैकी प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. सासऱ्यांच्या बाबतीत न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला प्रथम एक वही ठेवायला सांगितली: गोळी किती वाजता घेतली, जाग कधी आली, आणि जाग आल्यावर पहिली तक्रार काय होती. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण त्यात जवळजवळ रोज ‘वळता येत नाही’ असेच लिहिले जात होते. झोपताना सावकाश सुटणारी लेवोडोपाची गोळी सुरू केल्यावर आणि जड गोधडी काढून हलके पांघरूण दिल्यावर त्यांच्या रात्रीत स्पष्ट फरक पडला. त्यांचे ‘ड’ जीवनसत्त्वही कमी होते आणि तेही भरून काढले, पण ते हाडांसाठी.

एक शेवटचा मुद्दा उन्हाचा. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसल्याने ‘ड’ मिळते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात त्वचेत ते तयार होण्यासाठी जे अतिनील किरण लागतात, ते सूर्य डोक्यावर आल्यावर, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, पुरेशा प्रमाणात पोहोचतात. सकाळी सातच्या उन्हात ते फारसे नसतात, आणि खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. तरीही सकाळचे ऊन सोडू नये, कारण त्याचा उपयोग दुसराच आहे. डोळ्यांवाटे जाणारा उजेड मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याची खूण देतो आणि रात्री झोपेची वेळ जागेवर ठेवतो. अमेरिकेत ३१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे रोज दोनदा एकेक तास प्रखर प्रकाशात बसवल्यावर दिवसाची पेंग कमी झाली आणि रात्रीची झोपही सुधारली. उन्हात जाऊ लागल्यावर झोप सुधारली असे ज्यांना वाटते, त्यांचा अनुभव म्हणूनच खरा असू शकतो. श्रेय मात्र ‘ड’चे नसून उजेडाचे असण्याची शक्यता मोठी आहे.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहाव्यात.

प्रतिसाद: प्राजक्तसडा

ताई, अतिशय आवश्यक धागा. माझ्या आईला कंपवात आहे. तिची ‘ड’ची पातळी ११ नॅनोग्रॅम, म्हणजे बरीच कमी, आली, तेव्हा डॉक्टरांनी आठ आठवडे दर रविवारी एक अशी साठ हजारांची पुडी दिली. ती संपल्यावर शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आम्ही तीच पुढे चालू ठेवली, कारण औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवायही मिळते. आता आईला तहान फार लागते, बद्धकोष्ठ वाढले आहे आणि रात्री लघवीला अनेकदा उठावे लागते. हे सारे कंपवाताचेच आहे असे आम्ही समजत होतो. तसेच आहे का?

नीलमोहोर

प्राजक्तसडा, ही लक्षणे कंपवाताची असू शकतात, परंतु ‘ड’ जीवनसत्त्व जास्त झाल्याने रक्तातील कॅल्शियम वाढले तरी अगदी हेच होते: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, थकवा आणि वृद्धांत गोंधळलेपण. कंपवाताच्या रुग्णात ही लक्षणे आधीपासून थोडीफार असतात, त्यामुळे विषबाधा सहज नजरेआड होते. पुडी आजच थांबवावी आणि रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) व ‘ड’ची पातळी या तिन्ही तपासण्यांसाठी उद्याच डॉक्टरांना भेटावे. आई असंबद्ध बोलू लागली, फार सुस्त झाली किंवा उलट्या होऊ लागल्या तर उद्याचीही वाट पाहू नये.

हे जीवनसत्त्व चरबीत साठते, पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांप्रमाणे लघवीवाटे निघून जात नाही. आठवड्याची मात्रा ही खड्डा भरून काढण्यासाठी ठराविक मुदतीपुरती असते. त्यानंतर रोजची किंवा महिन्याची लहान मात्रा पुरते. झोपेसाठी म्हणून चालू ठेवलेली पुडी रात्रभर लघवीला उठवून तीच झोप मोडत असेल, ही शक्यता मला फार अस्वस्थ करते.

प्रतिसाद: गोदातीर

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि कंपवाताचे बरेच रुग्ण पाहतो. धागाकर्तीने ‘ड’चे काम हाडांचे आहे असे एका वाक्यात म्हटले, त्यावर थोडे अधिक लिहितो. कंपवाताचा रुग्ण पडतो, आणि पडल्यावर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्याला समवयस्कांपेक्षा अधिक असतो. यातील पुष्कळसे पडणे रात्री घडते: अंधारात, अर्धवट झोपेत, औषधाचा असर ओसरलेला असताना, आणि उठल्या उठल्या रक्तदाब उतरल्यामुळे. त्यामुळे रात्रीची झोप आणि हाडे यांचा संबंध थेट आहे, फक्त तो गोळीने झोप लागण्याचा नाही.

मात्र मोठ्या मात्रेने हाडे मजबूत होतात असेही मानू नये. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट किंवा नुसती निरुपद्रवी गोळी देऊन केलेल्या चाचणीत, जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रिया कमी नव्हे तर अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. ती चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली.

कुशीवर वळण्याविषयी. गादी कडक असावी. मऊ, खोल गादीत अंग रुतते. चादरीच्या मधल्या भागावर, कमरेखाली येईल असा, सॅटिनचा आडवा पट्टा घालावा आणि टाचांकडे साधी सुती चादर ठेवावी, म्हणजे कंबर सरकते आणि टाचांना आधार मिळतो. वळताना आधी दोन्ही गुडघे दुमडून घ्यावेत, मग डोके ज्या बाजूला वळायचे तिकडे फिरवावे, दोन्ही हात एकमेकांत गुंफून त्याच बाजूला न्यावेत आणि शेवटी गुडघे सोडावेत. हा क्रम दिवसा, औषधाचा असर चांगला असताना, शिकवावा लागतो. मध्यरात्री पहिल्यांदा सांगून तो जमत नाही. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवा ठेवावा आणि वाटेतले पायपुसणे उचलावे.

प्रतिसाद: केतकीबन

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. माझ्या वडिलांची पातळी फार कमी होती. ती भरून काढल्यावर त्यांची झोप निश्चित सुधारली, आणि त्या काळात कंपवाताची औषधे मुळीच बदललेली नव्हती. ते घराबाहेरही पडत नव्हते, त्यामुळे उजेडाचे स्पष्टीकरण इथे लागू होत नाही. मेंदूच्या झोप नियंत्रित करणाऱ्या भागांतही या जीवनसत्त्वाचे ग्राहक आहेत असे मी वाचले आहे. मग संबंध नाहीच असे कसे म्हणावे?

नीलमोहोर

केतकीबन, संबंध नाहीच असे मी म्हणत नाही, आणि आपल्या वडिलांचा अनुभव मी पूर्णपणे खरा मानते. एक विचारते: त्यांना आधी कंबर, मांड्या किंवा नडग्या दुखत होत्या का? ‘ड’ फारच कमी झाले की हाडे मऊ पडतात, खोल, कंटाळवाणी दुखी सुरू होते आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. ती दुखी रात्री पडल्यावर अधिक जाणवते. अशा माणसाला ‘ड’ दिल्यास दुखणे जाते आणि झोप परतते, हे सरळ आहे.

सर्वसाधारण लोकांमध्ये कमी पातळी आणि बिघडलेली झोप एकत्र आढळतात, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते, आणि मेंदूतील ग्राहकांविषयी आपण लिहिलेलेही बरोबर आहे. माझा आक्षेप फक्त क्रमाला आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. ती भरत असताना बाकीची कारणे शोधणे थांबता कामा नये.

केतकीबन

होय, कंबर आणि मांड्या दुखत असत. डॉक्टरांनी तो ताठरपणाचा भाग आहे असे सांगितले होते. आता लक्षात येते.

प्रतिसाद: उत्तरवारा

कॅनडातील एडमंटनहून लिहितो आहे. इथे मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि आईवडील मुलांकडे येऊन राहतात, म्हणून ही भर घालतो. बोस्टन आणि एडमंटन येथे केलेल्या मोजमापांवरून १९८८ साली असे दाखवले गेले की बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात भर दुपारच्या स्वच्छ उन्हातही त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला उन्हाळ्यातही गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे इथे हिवाळ्यात गोळी हाच मार्ग उरतो. शिवाय डिसेंबरात सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडत नाही आणि सव्वाचारला मावळते. माझ्या वडिलांना कंपवात आहे. पुण्याहून इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांचे रात्र-दिवसाचे भानच गेले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा हजार लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) दिवा आणला, आणि न्याहारी करताना तो त्यांच्यासमोर जरा तिरका ठेवतो. दुपारची झोप आता ते स्वतःहून आटोपती घेतात. ज्यांना मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आजार आहे त्यांनी नेत्रतज्ज्ञाला विचारूनच असा दिवा वापरावा.

प्रतिसाद: अबोली

माझे यजमान गेली बरीच वर्षे झोपेत ओरडतात, लाथा मारतात, एकदा पलंगावरून खाली पडले. कंपवाताचे निदान त्यानंतर पुष्कळ उशिरा झाले. याचा ‘ड’शी काही संबंध आहे का? नैराश्यासाठी गोळी सुरू झाल्यावर हे वाढल्यासारखे वाटते.

नीलमोहोर

अबोलीताई, याचा ‘ड’च्या कमतरतेशी संबंध जोडू नये. स्वप्ने पडण्याच्या रेम झोपेत मेंदू एरवी स्नायूंना शिथिल ठेवतो. मेंदूच्या देठातील ती यंत्रणा कंपवातात फार लवकर बिघडते, आणि मग माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करू लागतो. १९८६ साली मिनियापोलिसमधील शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी या विकाराचे प्रथम रीतसर वर्णन केले. ज्यांना तो इतर कोणत्याही आजाराशिवाय होतो, अशा १,२८० जणांचा २४ केंद्रांतील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बारा वर्षांच्या अखेरीस सुमारे तीन चतुर्थांश जणांना कंपवात किंवा त्याच कुळातला विस्मरणाचा आजार होत असल्याचे दिसले. निदानाच्या आधी वर्षानुवर्षे हे दिसत होते, हा आपला अनुभव त्याच्याशी जुळतो.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो, म्हणून गोळी सुरू झाल्याची तारीख न्यूरॉलॉजिस्टना अवश्य सांगा, मात्र ती मनाने बंद करू नका. मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे यासाठी दिली जातात. क्लोनाझेपामने तोल जाण्याचा आणि घोरणाऱ्याचा श्वास अडण्याचा धोका वाढतो, म्हणून यजमान घोरतात का हेही सांगा. तोपर्यंत पलंग बुटका करून शेजारी जमिनीवर गादी घालावी, जवळचे टेबल आणि काचेची भांडी हलवावीत, आणि आपण स्वतः वेगळ्या अंथरुणावर झोपावे. शुभंकराने वेगळे झोपणे म्हणजे साथ सोडणे नव्हे. आपल्याला मार लागू नये आणि आपली झोप व्हावी, हेही उपचारात मोडते.

प्रतिसाद: प्राजक्तसडा

ताई, आजच कॅल्शियमची तपासणी झाली. ते वाढलेले निघाले आणि आईला निरीक्षणासाठी दाखल करून घेतले आहे. सलाईन सुरू आहे, ती शुद्धीवर आणि शांत आहे. पुढे पुन्हा ‘ड’ द्यावे लागले तर दुधातून द्यावे का, हे विचारायचे होते, कारण तिची रात्रीची सिंडोपा (लेवोडोपाची गोळी) ही आम्ही दुधाबरोबरच देत होतो.

नीलमोहोर

वेळेत कळले, हे फार चांगले झाले. ‘ड’ची पुढची मात्रा कॅल्शियम पूर्ववत झाल्यावर आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच. ते स्निग्ध पदार्थाबरोबर शोषले जाते, त्यामुळे दुधातून किंवा जेवणाबरोबर दिलेले चालते. लेवोडोपाचे उलट आहे: प्रथिनांतील अमिनो आम्ले त्याच्याच वाटेने आत शिरतात, म्हणून काही रुग्णांत दूध, पनीर किंवा डाळीच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी उशिरा आणि कमी लागू पडते. रात्रीची सिंडोपा पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासा-दीड तासाने द्यावी. आईला लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सिंडोपात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण लोहही लेवोडोपाला बांधून ठेवते. पाय स्वस्थ न राहण्याची तक्रार असल्यास फेरिटिनची (शरीरातील लोहाच्या साठ्याची) तपासणीही याच वेळी करून घ्यावी. ती घरी आल्यावर लघवीसाठी उठणे कितपत कमी झाले, हे वहीत लिहून ठेवा. कॅल्शियम उतरूनही ते तसेच राहिले तर मूत्राशयाचा वेगळा विचार करावा लागेल.